लॉजच्या दाराबाहेरची खुर्ची

संपादकांनी यंदाचा विषय दिला 'परदेशातला गोतावळा'. सोबत तंबी अशी, की महाराष्ट्र मंडळ, ढोल-ताशा पथक आणि रविवारची मराठी शाळा यांवर लिहायचं नाही. ते दरवर्षी येतंच. तंबी रास्त होती. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून चालू आहे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे आणि तिथल्या गणपतीबद्दल दिवाळी अंकांत भरपूर छापून झालं आहे. पण मंडळात आपली माणसं आपल्याच माणसांना भेटतात. शेजारच्या घरातल्या इंग्रज म्हाताऱ्याशी ओळख व्हावी अशी काही सोय असते का, असं मी तिकडे बरीच वर्षं राहिलेल्या एका मित्राला विचारलं.

"ऑफिसात होते ओळख," तो म्हणाला, "पण साडेपाच वाजले की जो तो आपल्या गाडीला पळतो. पबमध्ये एक ग्लास संपेपर्यंत गप्पा. आमच्या ओळखीतल्या एका पुणेकराला मात्र अख्खं गाव नावाने हाक मारतं. तो फ्रीमेसन आहे."

फ्रीमेसन म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे डॅन ब्राउनच्या कादंबऱ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे जगावर राज्य करणाऱ्या गुप्त टोळीचे व्हिडिओ. दुसरी म्हणजे 'ते काय असतं?' मुंबईत फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलवरून रोज लोकलला धावणाऱ्यांनाही आत काय चालतं याची कल्पना नसते. जुन्या काळी उत्तर हिंदुस्थानात या इमारतींना सरळ 'जादूघर' म्हणत. किपलिंगच्या 'किम'मध्येही ते नाव येतं. त्या पुणेकरांना मी फोन केला. त्यांची अट एकच होती, नाव छापायचं नाही. "लपवण्यासारखं काही नाही हो," ते म्हणाले, "पण पुण्यातल्या आमच्या काकू अंक वाचतात, त्या मला इल्युमिनाटी समजतील."

ग्रेट क्वीन स्ट्रीट

आधी मुख्यालय बघून या, असं त्यांनीच सुचवलं. होबर्न स्टेशनवर उतरून कोव्हेंट गार्डनच्या दिशेने चालू लागलं की ग्रेट क्वीन स्ट्रीटवर एक प्रचंड दगडी इमारत कोपरा अडवून उभी दिसते. 'युनायटेड ग्रँड लॉज ऑफ इंग्लंड'चं हे ठाणं, फ्रीमेसन्स हॉल. गुप्त म्हणावं असं त्यात फार नाही. दारावर पाटी आहे, आत संग्रहालय आहे आणि ते फुकट आहे. रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या काचेत एप्रन, पट्टे आणि कंपास-काटकोन कोरलेली कफलिंक्स मांडलेली. ज्या विधींना लोक रहस्य म्हणतात, त्यांची छापील पुस्तकंही विकत मिळतात.

इमारत 1927 ते 1933 या काळात बांधली गेली, पहिल्या महायुद्धात पडलेल्या तीन हजारांहून अधिक मेसन सभासदांचं स्मारक म्हणून. मुख्य सभागृहाची ब्राँझची दारं एकेक सव्वा टनाची, तरी हाताने ढकलली तर फिरतात. आत सुमारे 1700 माणसं बसतात. छताच्या कडेने मोझेकची चित्रं आहेत आणि त्यांत चक्क पायथागोरसचा सिद्धांत काढलेला आहे. गवंड्यांच्या परंपरेशी नातं सांगणाऱ्यांना काटकोनाचं कौतुक असणारच. शेजारच्या जागेवर पूर्वी फ्रीमेसन्स टॅव्हर्न होतं. 1863 साली इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन तिथेच स्थापन झाली. तिचा मेसन लोकांशी संबंध इतकाच की जागा भाड्याने मिळत होती, पण गाइड हे सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मूळ कहाणी थोडक्यात अशी. 24 जून 1717 रोजी लंडनच्या चार लॉजनी, म्हणजे मेसन लोकांच्या स्थानिक शाखांनी, सेंट पॉलच्या आवारातल्या एका दारूगुत्त्यात जमून ग्रँड लॉज ही आपली शिखर संस्था स्थापन केली, असं परंपरा सांगते. त्या तारखेवर इतिहासकार आता भांडतात, तो त्यांचा प्रश्न. दगड घडवणाऱ्या कारागिरांच्या संघटनांची हत्यारं आणि शब्द उचलून, प्रत्यक्षात कधी छिन्नी न धरलेल्या सभ्य लोकांनी त्यांवर नीतीचे धडे बेतले. ओबडधोबड दगड म्हणजे नवा माणूस, घडवलेला चिरा म्हणजे सुधारलेला. डिग्री तीन: शिकाऊ, कारागीर, मास्टर. प्रवेशाची मुख्य अट परमेश्वरावर श्रद्धा. कुठला परमेश्वर, हे विचारायचं नाही. आणि लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला हा शेवटचा नियम लावला तर सभा दहा मिनिटांत आटोपेल.

दिल्लीमार्गे पत्र

पुणेकर गृहस्थ पन्नाशीतले, रेल्वेच्या सिग्नल यंत्रणांवर काम करणारे. पुण्यात असतानाच ते लॉजमध्ये दाखल झाले होते, एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या आग्रहावरून. कंपनीने इंग्लंडला पाठवलं तेव्हा बायको-मुलगी मागे, राहायला लंडनच्या पश्चिमेकडच्या एका गावात एका खोलीचं घर. "पहिला हिवाळा वाईट गेला. चार वाजता अंधार. शनिवारी सुपरमार्केटच्या मुलीशिवाय कुणाशी बोलणं नाही."

मग त्यांनी लॉज शोधलं. इथे सिनेमात दाखवतात तसा गुपचूप हस्तांदोलन करून आत शिरण्याचा प्रकार नसतो. असतो तो पत्रव्यवहार, आणि आपल्या सरकारी कचेरीत वाढलेल्या माणसाला तो ओळखीचाच वाटेल. भारतातली लॉज बहुतांशी 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया'च्या अधिकाराखाली येतात. हे ग्रँड लॉज 24 नोव्हेंबर 1961 रोजी इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजनी मिळून स्थापन केलं. पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान. त्या वेळी काही लॉजनी विलायतेशीच नातं ठेवणं पसंत केलं, त्यामुळे आजही भारतात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सनदेवर चालणारी काही लॉज आहेत. परदेशातल्या लॉजला जायचं तर रीत अशी, की आपल्या लॉजच्या सेक्रेटरीला सांगायचं, तो वर कळवतो, दिल्लीच्या ग्रँड सेक्रेटरींकडून तिकडच्या ग्रँड सेक्रेटरींना पत्र जातं आणि तिथून ते स्थानिक लॉजपर्यंत झिरपतं.

"पत्राला किती दिवस लागले?"

"विचारू नका. मुलीचा व्हिसा आधी आला."

पहिल्या भेटीला बरोबर न्यायचं ते ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र, म्हणजे मास्टर मेसन झाल्याचा, स्वतःची सही असलेला दाखला. चालू वर्षाची वर्गणी भरल्याचा पुरावा. आणि आपला एप्रन. ओळखीचं कोणी नसेल तर दोन जुने सभासद बाजूला नेऊन परीक्षा घेतात: खुणा, शब्द, पकड. गुप्त म्हणून जे उरलं आहे ते एवढंच. पुणेकरांची परीक्षा गाड्या लावायच्या जागेशेजारच्या कोठीत झाली, घड्या घातलेल्या खुर्च्यांच्या मध्ये उभं राहून. घेणाऱ्यांपैकी एक जण निवृत्त प्लंबर होता आणि पुण्याहून आलेल्या माणसाला काय विचारावं या काळजीने त्यालाच जास्त घाम फुटला होता.

सभेच्या शेवटी पाहुणे उभे राहून आपापल्या लॉजच्या शुभेच्छा देतात. शेजारच्या गावांची नावं येऊन गेल्यावर हे उठले आणि पुण्याच्या लॉजचं नाव, क्रमांक आणि ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या शुभेच्छा असं म्हणाले. "सगळ्या माना वळल्या. जेवताना तीन जण येऊन बसले. एकाचे वडील देवळालीला तोफखान्यात होते."

नुसतं भेट देणं वेगळं आणि सभासद होणं वेगळं. सभासद व्हायला पुन्हा दीक्षा घ्यावी लागत नाही. अर्ज, सूचक, अनुमोदक आणि जुन्या लॉजकडून थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. मग गुप्त मतदान. पेटीत पांढरे आणि काळे गोळे टाकतात. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे तीन काळे गोळे पडले की अर्ज बाद, आणि लॉजने स्वतःचा नियम केला असेल तर त्याहून कमी गोळ्यांतही. कारण विचारायची सोय नाही. यांना गोळा पडला नाही, पण थकबाकीच्या दाखल्यापायी सगळं अडून बसलं. पुण्यातल्या लॉजची मागल्या वर्षाची काही रक्कम राहून गेली होती. ती भावाने नेऊन भरली तेव्हा गाडं हललं. पुण्याचं सभासदत्वही त्यांनी चालू ठेवलं आहे. दोन्हीकडे वर्गणी, दोन्हीकडे नाव.

टायलर आणि त्याची तलवार

मी मेसन नाही, तेव्हा सभेला बसायचा प्रश्नच नव्हता. पण मी पुणेकरांच्या गावी गेलो त्या शनिवारी सभेनंतरच्या जेवणाला बाहेरचे पाहुणे चालणार होते, आणि त्यांनी शब्द टाकून मला दाराबाहेर बसायची परवानगी काढली.

गावातलं मेसॉनिक सेंटर म्हणजे एक जुनं विटांचं घर. खाली बार, मागे जेवणाची खोली, वर लॉजची खोली. चार वाजल्यापासून माणसं येऊ लागली. सगळ्यांचा पोशाख सारखा, गडद सूट आणि काळा टाय, आणि प्रत्येकाच्या हातात एक चपटी पेटी. तीत एप्रन, पांढरे हातमोजे आणि पाठांतराची छोटी पुस्तिका. दारात वही, तीत सही. दुरून पाहिलं असतं तर विमा कंपनीच्या निवृत्तांचा मेळावा वाटला असता. पुणेकर सोडून एक शीख डॉक्टर आणि एक नायजेरियन अकाउंटंट, बाकी सगळे गोरे आणि बहुतेक साठीपुढचे.

दार लागलं तशी बाहेर खुर्ची टाकून टायलर बसला. टायलर म्हणजे लॉजचा द्वारपाल. वय ऐंशीच्या आसपास, गळ्यात पट्टा, हातात खरीखुरी तलवार. तलवार कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला की अनाहूत माणसाला अडवायला. इतक्या वर्षांत कुणी आला का? एकदा एक कुरिअरवाला चुकून वर आला होता. त्याच्याकडून पार्सल सही करून घेतलं. आतून मधूनच काठीचे ठोके यायचे, टायलर तसेच ठोके दारावर परत द्यायचा आणि पुन्हा आपल्या नातवाच्या क्रिकेटकडे वळायचा. शेवटच्या तासात त्याने मला गावचे दोन दंतवैद्य, एक खात्रीचा मेकॅनिक आणि नगरपालिकेत कुणाकडे तक्रार करावी हे सांगितलं. पुणेकरांना इथे पहिल्या वर्षी काय मिळालं असेल ते माझ्या लक्षात आलं.

जेवण हा सगळ्या प्रकाराचा अर्धा भाग आहे आणि माझ्या मते बरा अर्धा. मास्टर, म्हणजे लॉजचा अध्यक्ष, हातोडी आपटतो, सगळे गप्प. तो 'मला अमुक-तमुकांसोबत वाइन घ्यायची आहे' म्हणतो, ती मंडळी उभी राहतात, ग्लास उंचावतात, बसतात. सूप संपेपर्यंत हे चारपाच वेळा होतं आणि सूप गार होतं. मग ठराविक क्रमाने शुभचिंतनं, पहिलं राजा आणि संस्थेला, शेवटचं टायलरच्या तोंडून, जगभर विखुरलेल्या गरीब आणि अडचणीतल्या बांधवांसाठी. मधे रॅफल. पैसे धर्मादायाला, बक्षिसं म्हणजे चॉकलेटचा डबा, व्हिस्कीची बाटली आणि कुणीतरी मागच्या नाताळात मिळालेलं म्हणून पुन्हा आणलेलं साबणाचं खोकं. शाकाहारी म्हणून मला मशरूमचा भात मिळाला, आधी कळवलं होतं म्हणून गरम.

वाइन वाढत होते पुणेकर. इथे नव्या सभासदाची सुरुवात स्टुअर्ड म्हणून होते: बाटल्या उघड, ग्लास भर, शेवटी खुर्च्या रच. पुण्यात ते लॉजच्या पदाधिकाऱ्यांत होते. इथे पुन्हा शेवटच्या रांगेपासून. "कंपनीत माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत," खुर्च्या रचताना ते म्हणाले, "इथे प्लंबर मला सांगतो रेड वाइन डावीकडून. बरं वाटतं."

भिकबाळी

दुसरा मराठी मेसन मला लंडनमध्येच भेटला. वय तिशीच्या आत, सदाशिव पेठेतला, बँकेत डेटाचं काम. हा भारतात मेसन नव्हताच. ग्रँड लॉजच्या संकेतस्थळावर त्याने चौकशीचा अर्ज भरला, मग एका पबमध्ये दोघांनी गप्पा मारल्या, मग समितीपुढे मुलाखत. देवावर विश्वास आहे का, कधी शिक्षा झाली आहे का, घरच्यांची हरकत नाही ना, वर्गणीमुळे संसाराला झळ तर लागणार नाही ना. लग्नाच्या बोलण्यांत मुलीच्या बापाने विचारावं तसे प्रश्न, असं त्याचं म्हणणं.

दीक्षेच्या दिवशी अंगावरचा सगळा धातू काढून ठेवायचा असतो: घड्याळ, अंगठी, खिशातली नाणी, पट्ट्याचं बक्कल. डोळ्यांवर पट्टी, डावी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. याच्या कानात आजोबांनी मुंजीत घातलेली भिकबाळी होती आणि ती त्यानंतर कधी निघालीच नव्हती. टायलर आणि सेक्रेटरी असे दोन वयस्कर इंग्रज प्रसाधनगृहात त्याच्या कानाला साबण लावत पंधरा मिनिटं झटले. वर सगळे खोळंबलेले. शेवटी निघाली आणि सेक्रेटरीने ती स्वतःच्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

शपथ त्याने भगवद्‌गीतेवर घेतली. भारतातल्या लॉजमध्ये गीता, बायबल, कुराण, गुरू ग्रंथ साहिब आणि अवेस्ता हे पाचही ग्रंथ मांडलेले असतात. इंग्लंडात सहसा बायबल उघडं असतं आणि ज्याचा जो ग्रंथ तो त्याच्यासाठी आणतात. लॉजने ऑनलाइन मागवलेली गीता संस्कृत-इंग्रजी होती. आता ती लॉजच्या कपाटात कायमची आहे.

पाठांतर हा खरा जाच. विधीतली लांबलचक भाषणं तोंडपाठ म्हणायची असतात, अठराव्या शतकातल्या इंग्रजीत. त्यासाठी आठवड्याला सराववर्ग असतो. हौशी नाटक मंडळाच्या तालमीसारखाच तो चालतो: प्रॉम्प्टर, विसरणारे, आणि एक जण ज्याला सगळ्यांची वाक्यं पाठ. "अथर्वशीर्ष पाठ असल्याचा उपयोग झाला," हा तरुण म्हणाला. पुणेकरांच्या पत्नीचं मत थोडं वेगळं होतं: "वर्षाला पाचच सभा, असं म्हणून सुरुवात केली यांनी. मंगळवारी तालीम, गुरुवारी दुसऱ्या लॉजला भेट. पाच कुठले?"

मुंबईत बंद, पॅरिसमध्ये उघडं

हिंदुस्थानी माणसाला हे दार मुळात परदेशातच उघडलं, हे मला या शोधात कळलं. भायखळ्याचा 'खडा पारशी' सगळ्यांना ठाऊक आहे, उड्डाणपुलांच्या फाट्यांमध्ये उंच खांबावर उभा असलेला. तो पुतळा ज्यांचा, त्या शेठ कर्सेटजींचे चिरंजीव माणकजी कर्सेटजी. मुलींच्या शिक्षणासाठी पुढे मुंबईत अलेक्झांड्रा शाळा काढणारे ते हेच. त्यांना मेसन व्हायचं होतं. मुंबईच्या इंग्रज लॉजने नकार दिला. ते विलायतेला गेले तेव्हा तिथेही जमलं नाही, म्हणून 1840 नंतरच्या त्या प्रवासात पॅरिसच्या एका लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि मेसन होऊन मुंबईला परतले. मग 1843 साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने स्कॉटिश सनदेवर 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं, मुख्यतः हिंदी सभासदांसाठी.

पारशी आणि मुसलमान आत आले तरी हिंदूंचा प्रश्न लोंबकळत राहिला. तेहतीस कोटी देव मानणारा एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, हा आक्षेप. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहून भांडण केलं तेव्हा कुठे 1872 साली त्यांना प्रवेश मिळाला. बारा वर्षांनी कलकत्त्याच्या त्याच 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एकवीस वर्षांचा तरुण दाखल झाला. पुढे तो विवेकानंद झाला. दादाभाई नौरोजीही लंडनच्या लॉजमध्ये होते. वसाहतीत ज्याला क्लबच्या पायरीवर अडवत, तो लॉजच्या खोलीत त्याच साहेबाला 'ब्रदर' म्हणत असे. खोलीबाहेर आल्यावर मात्र साहेब पुन्हा साहेब.

कोण बाहेर राहतं

बायका. इंग्लंडच्या ग्रँड लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही, भारतातही नाही. स्त्रियांच्या स्वतंत्र संस्था इंग्लंडात आहेत, त्यांपैकी एक 1908 पासून. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी शाखाही आहे, अ‍ॅनी बेझंट 1902 साली पॅरिसमध्ये तिच्यात दाखल झाल्या आणि तिला त्यांनी इंग्लंड-हिंदुस्थानात वाढवलं. पण आमच्या पुणेकरांच्या लॉजमध्ये पत्नीला वर्षातून एकदा 'लेडीज नाइट'चं आमंत्रण येतं, इतकंच. एकविसाव्या शतकात याचं समर्थन 'परंपरा' या शब्दापलीकडे मला कुणी देऊ शकलं नाही. कॅथलिक चर्चची 1738 पासून असलेली बंदीही कायम आहे. गोव्याच्या किंवा वसईच्या श्रद्धावान कॅथलिकाला हा विचार आधी करावा लागेल.

संशयही बाहेर उभाच आहे. 2025च्या डिसेंबरात लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी आपल्या अधिकाऱ्यांना मेसन सभासदत्व जाहीर करायला सांगितलं, आणि ग्रँड लॉज त्यावर चिडलं. मला पोलिसांचं म्हणणं पटतं. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने कुणाशी बांधून घेतलंय हे लोकांना कळायला हवं. लॉजमुळे नोकरीत फायदा झाला का, असं मी दोन्ही मराठी सभासदांना विचारलं. तरुण हसला. पुणेकरांनी रॅफलमध्ये जिंकलेली व्हिस्की दाखवली.

माझं मत झालं ते असं. परदेशात एकट्या पडलेल्या मराठी पुरुषाला लॉज उपयोगी आहे, आणि त्याची कारणं अगदी साधी आहेत: ठरलेल्या तारखा, ठरलेलं काम, आणि आपण न निवडलेली, वयाने थोर माणसं. रहस्याच्या ओढीने जाणारा तिसऱ्या सभेला कंटाळेल. फायद्यासाठी जाणारा त्याहून आधी.

जायचंच असेल तर आधी पाहावं की तिकडचं ग्रँड लॉज आपल्या ग्रँड लॉजच्या मान्यतेचं आहे का. पॅरिसमध्ये 'ग्रँड ओरिएंट'ची इमारत भव्य असली तरी परमेश्वराची अट त्यांनी 1877 साली काढून टाकली आणि तेव्हापासून इंग्लंडने संबंध तोडले; भारतीय सभासदाने तिथे जाऊ नये. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं ग्रँड लॉज वेगळं, आणि तिथे प्रमाणपत्रापेक्षा त्या वर्षाचं वर्गणीचं कार्ड आधी मागतात. पाकिस्तानात 1972 साली लॉज बंद झाली. आखाती देशांपैकी बहुतेक ठिकाणी हा प्रकारच निषिद्ध आहे. तिकडे नोकरीला निघाला असाल तर एप्रन घरीच ठेवा. बाकी कुठेही जात असाल तर विमानात बसण्यापूर्वी जुन्या लॉजची वर्गणी भरा आणि सेक्रेटरीची सही असलेली पावती पासपोर्टच्या पाकिटात टाका.